आईची किडनी, भावाचं ऑपरेशन: रोबोट कुणासाठी घ्यायचा?

प्रश्न: माझा भाऊ ३१ वर्षांचा आहे. दोन्ही किडन्या निकामी झाल्यात आणि १४ महिने आठवड्यातून तीनदा डायलिसिस चालू आहे. आई ५६ वर्षांची. तिची किडनी जुळतेय, क्रॉसमॅच निगेटिव्ह आलंय (म्हणजे भावाच्या रक्तात तिच्या किडनीविरुद्ध प्रतिपिंडं नाहीत). पुण्यातल्या एका रुग्णालयात दोघांचंही ऑपरेशन रोबोटने करू म्हणाले, पण पॅकेज तीन लाखांनी जास्त आहे. दुसरीकडे आईचं दुर्बिणीतून आणि भावाचं ओपन करू म्हणाले. भावाचं वजन ९४ किलो, उंची पाच फूट सहा इंच. शाळेत असताना त्याचं अपेंडिक्स फुटलं होतं, तेव्हा पोट उघडून ऑपरेशन झालं होतं. आईच्या सीटीमध्ये डाव्या किडनीला दोन धमन्या दिसल्या, उजवीला एकच. रोबोटवाले डॉक्टर म्हणाले, उजवी घेऊ, एक धमनी असली की सोपं पडतं. मामा म्हणतात, यंत्राच्या हाती जीव कशाला देता? रोबोटने बसवलेली किडनी जास्त टिकते का? आम्ही काय करावं?
– एक वाचक, धायरी

उत्तर:

ताई, तुमच्यासमोर दोन ऑपरेशनं एका पॅकेजमध्ये बांधून ठेवली आहेत. ती गाठ आधी सोडवा. आईची किडनी काढणं हे एक ऑपरेशन आणि भावाला ती बसवणं हे दुसरं. आई निरोगी आहे आणि तिला या ऑपरेशनचा शरीराने काहीच फायदा नाही. भाऊ आजारी आहे, त्याच्या जखमेला भरून यायलाही औषधं आडवी येणार आहेत. दोघांचे धोके वेगळे, म्हणून रोबोटचा निर्णयही दोघांसाठी वेगवेगळा घ्यायचा.

मामांच्या शंकेचं उत्तर थोडक्यात. रोबोट स्वतःहून एकही टाका घालत नाही. सर्जन त्याच थिएटरमध्ये कन्सोलवर, म्हणजे यंत्राच्या नियंत्रण-टेबलावर, बसून दोन्ही हातांनी आणि पायाच्या पेडलने यंत्राचे हात चालवतो. पोटावर साधारण आठ मिलिमीटरची चार-पाच छिद्रं, त्यातून कॅमेरा आणि मनगटासारखी वळणारी हत्यारं. आतलं चित्र दहापटीपर्यंत मोठं दिसतं, तेही खोलीसकट. बहुतेक यंत्रांत हाताला स्पर्श कळत नाही, धागा किती ताणला गेलाय हे सर्जनला डोळ्यांनीच ओळखावं लागतं. म्हणून हात बसलेला सर्जन आणि शिकत असलेला सर्जन यांच्यात रोबोटवरही तितकाच फरक पडतो.

आता आईबद्दल. इथे ओपनची बाजू फारशी उरलेली नाही. जुन्या पद्धतीत कुशीवर १५ ते २० सेंटिमीटरचा काप, तीन थरांचे स्नायू कापायचे, कधी बाराव्या बरगडीचा तुकडाही काढायचा. दुखणं बरेच दिवस राहतं, आणि काहींच्या कुशीला पुढे फुगवटा किंवा बधिरपणा येतो. १९९५ मध्ये बाल्टिमोरच्या जॉन्स हॉपकिन्समध्ये दात्याची किडनी पहिल्यांदा दुर्बिणीतून काढली गेली आणि त्यानंतर जगभर तीच रीत पडली. पोटात कार्बन डायऑक्साइड भरतात, आतडं बाजूला सरकवतात, मूत्रनलिका आणि रक्तवाहिन्या मोकळ्या करतात आणि शेवटी ओटीपोटावर सिझेरियनच्या जागी सहा ते आठ सेंटिमीटरच्या कापातून किडनी पिशवीत घालून बाहेर काढतात. धमनी बंद केल्यापासून किडनी बर्फात जाईपर्यंत ओपनपेक्षा दोन-तीन मिनिटं जास्त लागतात, पण त्याने किडनीच्या पुढच्या कामात फरक पडत नाही हे इतक्या वर्षांत स्पष्ट झालंय. आई तीन-चार दिवसांत घरी येईल, खांदे एक-दोन दिवस दुखतील (ते गॅसमुळे, घाबरू नका) आणि सहा आठवडे पाण्याची कळशी, गॅस सिलिंडर, नातवंडं यांतलं काहीही उचलायचं नाही.

मग दुर्बीण की रोबोट? आईसाठी दोन्हींत फरक थोडाच आहे. छिद्रं जवळपास तितकीच, किडनी बाहेर काढायचा काप तोच, रुग्णालयातले दिवस तेवढेच. रोबोटला वेळ सहसा थोडा जास्त लागतो आणि खर्च नक्की जास्त. दात्याची किडनी रोबोटनेच रोज काढणारा सर्जन असेल तर त्याने तशीच काढावी. पण निव्वळ आईसाठी म्हणून रोबोटचे जास्तीचे पैसे मोजावेत असं आम्ही म्हणणार नाही.

त्यापेक्षा महत्त्वाचा एक प्रश्न आहे आणि तो बहुतेक घरं विचारतच नाहीत: किडनीची धमनी कापल्यावर आईच्या बाजूचं टोक कशाने बंद करणार? महाधमनीपासून निघालेलं ते टोक आईच्या शरीरात कायमचं राहणार असतं आणि त्यात रक्ताचा पूर्ण दाब असतो. प्लास्टिकच्या लॉक होणाऱ्या क्लिपा त्यावरून निसटल्याने जगात निरोगी दाते ऑपरेशननंतर काही तासांत रक्तस्रावाने गेले आहेत. उत्पादकाने २००६ मध्येच या कामासाठी त्या वापरू नका असं जाहीर केलं आणि अमेरिकेच्या औषध-उपकरण नियामक संस्थेने, एफडीएने, २०११ मध्ये पुन्हा इशारा दिला. स्टेपलर भिंतीच्या आरपार पिना मारतो, शिवलेला टाकाही भिंतीतून जातो, म्हणून ते जागचे हलत नाहीत. क्लिप नुसती बाहेरून आवळते. स्टेपलरचं एक काडतूस काही हजारांना पडतं आणि तेवढं वाचवण्याचा मोह होतो. "धमनीला स्टेपलर लावणार ना, की टाका?" एवढंच सरळ विचारा. "नुसत्या क्लिपा" असं उत्तर आलं तर स्टेपलरचे पैसे वेगळे भरतो म्हणून सांगा. तीन लाखांतला सर्वांत सत्कारणी लागणारा खर्च तो असेल.

आता डावी की उजवी. इथे आम्हाला तुमच्या पत्रातलं एक वाक्य खटकलं. दोन किडन्यांतली जास्त चांगली आईकडे राहायची, हा पहिला नियम. डीटीपीए स्कॅनमध्ये दोन्हींचं काम टक्क्यांत वेगवेगळं येतं. ४८ आणि ५२ असेल तर दोन्ही सारख्या धरायच्या. फरक दहा टक्क्यांहून जास्त असेल, किंवा एकीत खडा वा गाठ असेल, तर कमी प्रतीची भावाला जाते. दोन्ही सारख्या असतील तरच पुढचा विचार. एरवी सर्जन डावी पसंत करतात, कारण डावीची शीर (किडनीतून रक्त परत नेणारी) उजवीच्या दुप्पट-तिप्पट लांब असते आणि जोडायला ऐसपैस मिळते. तुमच्या आईच्या डावीला दोन धमन्या आहेत. हे बऱ्याच जणांत असतं आणि अडवणारं नाही: किडनी बाहेर आल्यावर बर्फाच्या भांड्यातच दोन्ही धमन्यांची तोंडं एकमेकांना शिवून एक करता येतात, किंवा लहान धमनी वेगळी जोडता येते. खालच्या टोकाची बारीक धमनी मात्र सांभाळावीच लागते, कारण मूत्रनलिकेला रक्त तिथूनच जातं. ती बंद पडली तर दोन-तीन आठवड्यांनी नलिकेचं टोक सडून लघवी पोटात गळते.

उजवी घेतली तर धमनी एक, पण शीर आखूड, आणि ती जाड माणसाच्या खोल ओटीपोटात जोडायची. म्हणजे "सोपं पडतं" हे अर्धंच खरं. उजवी घ्यायचं कारण आईच्या स्कॅनमध्ये असेल तर हरकत नाही. भावाचं ऑपरेशन रोबोटने बसवायचंय म्हणून आईची कुठली किडनी जायची हे ठरत असेल, तर ते आम्हाला मान्य नाही. डॉक्टरांना डीटीपीएचे आकडे समोर ठेवून विचारा: "भावाचं ओपन करायचं असतं तर तुम्ही कुठली घेतली असती?"

भावाकडे येऊ. खरा निर्णय इथे आहे.

ओपनमध्ये उजव्या ओटीपोटावर १५ ते २० सेंटिमीटरचा तिरपा काप घेतात. आतड्यांभोवतीचं आवरण न उघडता ते आत ढकलतात आणि पायाकडे जाणाऱ्या मोठ्या धमनी-शिरेला नवी किडनी जोडतात. त्याच्या स्वतःच्या किडन्या जागीच राहतात. जोडणी ३०-४० मिनिटांची. नवी किडनी कातडीखाली हाताला लागेल अशी बसते, त्यामुळे पुढे सोनोग्राफी आणि बायोप्सी सोपी जाते. ही पद्धत सात दशकं तावूनसुलाखून निघाली आहे.

रोबोटमध्ये पोट गॅसने फुगवतात, टेबल डोक्याकडून २०-३० अंश खाली करतात आणि बेंबीजवळच्या पाच-सात सेंटिमीटरच्या कापातून किडनी आत सोडतात. तिथे खरी अडचण तापमानाची. शरीर ३७ अंशांवर, आणि अजून रक्त न मिळालेली किडनी त्या उबेत पडली की पेशी झिजू लागतात. ओपनमध्ये सर्जन सहज वरून बर्फ घालतो. बंद पोटात तसं करता येत नाही, म्हणून किडनीला गॉजचं जाकीट शिवतात, त्यात सलाइनचा चुरा बर्फ भरतात आणि ओटीपोटातही आधी बर्फाचा थर घालतात. शीर जोडायची, धमनी जोडायची, रक्तवाहिन्यांवरचे चिमटे (क्लॅम्प) काढले की किडनी गुलाबी होते, मग जाकीट कापून काढायचं. गुरुग्रामच्या मेदांतामध्ये ही थंडाव्याची रीत बसवली गेली आणि २०१३ पासून ती वापरात आहे. भारतात या ऑपरेशनचा अनुभव कमी नाही. पण तो ठरावीक टीमकडे आहे. म्हणून तुमच्या सर्जनना विचारा, किडनी आत असताना थंड कशी ठेवता आणि दोन्ही जोडण्यांना एकूण किती मिनिटं लागतात. रोज करणारा माणूस याचं उत्तर क्षणात आकड्यांत देतो.

किडनी जास्त टिकते का, हे तुम्ही विचारलंय. नाही. चांगल्या हातांत दोन्ही पद्धतींची किडनी सारखीच चालते. किडनी किती वर्षं टिकेल हे जुळणी, टॅक्रोलिमसची (शरीराने नवी किडनी नाकारू नये म्हणून घ्यायचं औषध) रक्तातली पातळी, रक्तदाब, साखर, जंतुसंसर्ग आणि गोळ्या न चुकवणं यांवर ठरतं. रोबोटचा फायदा जखमेत आहे: दुखणं कमी, रक्तस्राव कमी, जखम चिघळणं कमी आणि किडनीभोवती लसिकेचं पाणी साठणं कमी. घरी मात्र फार लवकर सोडत नाहीत, कारण ट्रान्सप्लांटच्या रुग्णाला जखमेसाठी ठेवलेलं नसतं. क्रिएटिनिन (किडनीचं काम दाखवणारा रक्तातला आकडा) स्थिर होईपर्यंत आणि टॅक्रोलिमसची पातळी, म्हणजे टॅक लेव्हल, बसेपर्यंत आठवडाभर थांबावंच लागतं.

जखमेचा हा फायदा कुणाला खरोखर हवा? जाड रुग्णाला. जांघेवरच्या चरबीच्या जाड थराला रक्तपुरवठा कमी, वरून स्टेरॉइड आणि मायकोफेनोलेट ही प्रतिकारशक्ती दाबणारी औषधं जखम भरू देत नाहीत, घाम आणि घडी. तिथे पू झाला की जखम उघडून महिनाभर ड्रेसिंग करावं लागतं आणि पुढे हर्नियाची भीती. शिकागोच्या इलिनॉय विद्यापीठात २००९ पासून अतिलठ्ठ रुग्णांसाठी रोबोट वापरला गेला तो याच कारणाने. सडपातळ माणसाला हे सगळं फारसं लागू नाही, त्याचं ओपन उत्तम होतं.

भावाचा बीएमआय (उंचीच्या मानाने वजनाचा आकडा) साधारण ३३ येतो. पण ९४ किलो हे डायलिसिसच्या आधीचं वजन की नंतरचं, जास्तीचं पाणी काढल्यावरचं ड्राय वेट? अंगात तीन किलो पाणी असेल तर हिशेब ड्राय वेटवर करायचा. ३३ वर रोबोटची बाजू थोडी जड होते, हे आम्ही मान्य करतो. दुसऱ्या पारड्यात फुटलेलं अपेंडिक्स आहे. पोटात पू पसरून गेला असेल तर उजव्या ओटीपोटात, नेमक्या त्याच जागी, आतडी चिकटलेली असू शकतात. रोबोटला पोटाच्या आतून जावं लागतं, म्हणजे ती सोडवत जावं लागेल आणि आतड्याला इजा व्हायची शक्यता येते. ओपनमध्ये सर्जन आवरणाच्या बाहेरून जातो, शिवाय डावीकडची मोकळी बाजूही निवडू शकतो. ही गोष्ट रोबोटवाल्या डॉक्टरांना तुम्ही सांगितली का? जुना डिस्चार्ज पेपर मिळाला तर दाखवा. पोटावरचा व्रण तरी दाखवाच.

दोन तपासण्यांवरही लक्ष ठेवा. पायाकडच्या धमन्यांत कॅल्शियम साठलंय का, हे साध्या सीटीत दिसतं. भिंत कडक असेल तर रोबोट नको, कारण टाका घालताना धमनी हाताने चाचपून मऊ जागा शोधावी लागते. दुसरी हृदयाची टूडी इको. डोकं खाली आणि पोटात गॅस, अशा स्थितीत तीन-चार तास काढायचे असतात. कमजोर हृदयाला किंवा काचबिंदू असलेल्या डोळ्यांना ते मानवत नाही.

मग आमचं मत. आईचं दुर्बिणीतून, जिथे दात्याची ऑपरेशनं नेहमी होतात तिथे. भावाचं रोबोटिक तेव्हाच, जेव्हा त्या टीमने किडनी बसवायची ऑपरेशनं रोबोटने नियमित केली असतील (प्रोस्टेट किंवा किडनीच्या गाठीच्या ऑपरेशनांची संख्या यात धरू नका), अपेंडिक्सची हकीकत ऐकूनही ते हो म्हणत असतील, आणि तीन लाख कर्ज न काढता देता येत असतील. यातली एक जरी अट पूर्ण होत नसेल तर ओपन करा आणि त्याबद्दल अपराधी वाटून घेऊ नका. भावासाठी काही कमी केलं असं त्याने अजिबात होत नाही. तोवर डायलिसिसच्या आहारतज्ज्ञाला धरून ड्राय वेट पाच-सहा किलोंनी उतरवता आलं तर दोन्ही पद्धतींत जखमेचा धोका कमी होईल.

रोबोट ठरलाच तर आणखी एक विचारा. अचानक रक्त आलं तर कन्सोलवरचा सर्जन निर्जंतुक गाऊनमध्ये नसतो. यंत्राचे हात सोडवून पोट उघडायला मिनिटं जातात. त्या मिनिटांत टेबलाशी कोण उभा असेल, आणि तो स्वतः पोट उघडून रक्तवाहिनी धरू शकणारा सर्जन आहे का?

पैशांचं. रोबोटिक शस्त्रक्रिया आरोग्य विम्यात धरायला विमा नियामक आयआरडीएआयने कंपन्यांना सांगितलं आहे, पण त्यावर उपमर्यादा लावायची मुभाही आहे. म्हणून पॉलिसीत रोबोटिकची मर्यादा किती आणि दात्याचा कुठला खर्च धरलाय, हे टीपीएकडून (विमा कंपनीच्या वतीने दावे बघणाऱ्या संस्थेकडून) लेखी घ्या. दात्याच्या आधीच्या तपासण्या आणि नंतरचा त्रास बऱ्याच पॉलिसींत बाहेर असतो. महात्मा फुले जन आरोग्य योजनेत किडनी प्रत्यारोपणाची मर्यादा राज्य सरकारने २०२३ मध्ये अडीच लाखांवरून साडेचार लाख केली. ती कुठल्या रुग्णालयात चालेल हे तिथल्या आरोग्यमित्राकडून समजेल. धर्मादाय रुग्णालयात उत्पन्नानुसार राखीव खाटा असतात, त्यासाठी समाजसेवा विभागात तहसीलदारांचा दाखला किंवा शिधापत्रिका लागते. आणि पहिल्या वर्षाच्या औषध-तपासण्यांचा महिन्याचा आकडा रुग्णालयाच्या ट्रान्सप्लांट को-ऑर्डिनेटरकडून लिहून घेऊन त्याला बाराने गुणा. ती रक्कम बाजूला राहत नसेल तर रोबोटचा विचार सोडून द्या. गोळ्या महागल्या म्हणून बंद केल्याने किडनी जाते, मोठ्या व्रणाने जात नाही.

कागदपत्रांत अडचण यायला नको. आई ही कायद्याने जवळची नातेवाईक, त्यामुळे फॉर्म १ आणि नात्याचे पुरावे पुरतात. तिची मुलाखत चित्रित होते. त्याआधी तिला एकटीला, भाऊ आणि मामा नसताना, विचारा की तिला काय वाटतं. तुमच्या पत्रात तिची किडनी आहे, धमन्या आहेत, पण तिचं म्हणणं कुठेच नाही. दात्याचा ऑपरेशनमध्ये जीव जाण्याचा धोका जुन्या अमेरिकी अभ्यासात दहा हजारांत तीन इतका मोजला गेला होता, अलीकडे तो त्याहून कमी दिसतो. कमी आहे, शून्य नाही, आणि तो तिला तिच्या भाषेत कुणीतरी सांगायला हवा. ऑपरेशननंतर तिचा रक्तदाब, क्रिएटिनिन आणि लघवीतलं अल्ब्युमिन दरवर्षी तपासायचं, कायम. गुडघे दुखले तरी डायक्लोफेनॅक, आयबुप्रोफेन नाही. पॅरासिटामॉल चालेल.

भावाच्या घरचं पाणी उकळलेलंच ठेवा. २०२५ च्या जानेवारीत सिंहगड रस्ता, किरकटवाडी, नांदेड गाव या तुमच्याच बाजूला जीबीएसचे (गुलियन-बारे, नसांवर हल्ला करणारा आजार) रुग्ण वाढले तेव्हा दूषित पाण्याचीच चर्चा होती. प्रतिकारशक्ती दाबलेल्या माणसाला तर साधा जुलाबही टॅक लेव्हल बिघडवतो. हिपॅटायटिस बी आणि न्यूमोनियाच्या लसी ऑपरेशनच्या आधीच पूर्ण करून घ्या. मूत्रनलिकेत ठेवलेला डीजे स्टेंट (बारीक नळी) काढायची तारीख डिस्चार्जच्या दिवशीच कॅलेंडरवर लिहा. तो साधारण तीन-चार आठवड्यांनी काढतात, आणि विसरलेला स्टेंट जंतुसंसर्ग आणि खडे घेऊन येतो.

पुढच्या ओपीडीला आईच्या सीटी अँजिओची सीडी, डीटीपीएचा रिपोर्ट, भावाची टूडी इको आणि अपेंडिक्सचा कागद एकाच फाइलीत घेऊन दोन्ही सर्जनना भेटा आणि दोघांनाही तेच प्रश्न त्याच क्रमाने विचारा. आईची कुठली किडनी घेणार यावर दोघांची उत्तरं जुळली नाहीत, तर ऑपरेशनची तारीख घेण्याआधी तिसऱ्या ट्रान्सप्लांट सर्जनला ती सीडी दाखवा. भावाचं डायलिसिस नीट चाललंय, त्यामुळे दोन आठवडे इकडेतिकडे झाले तरी बिघडत नाही.